जांभळ्या जर्सीचा हँडओव्हर

शनिवारी जांभळ्यांशी सामना होता आणि मी मंगळवारीच दमलो होतो.

जांभळ्या म्हणजे जांभळी जर्सी घालणाऱ्या मुली, अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजची बास्केटबॉल टीम. माझी मुलगी तिथल्याच दुसऱ्या एका लहानशा कॉलेजात शिकते. त्यांची जर्सी हिरवी आणि तिचा नंबर चौदा. अशी काही कॉलेजं मिळून गट करतात आणि हिवाळाभर आपापसात खेळतात. त्या गटाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. हे समजायला मला एक अख्खा हिवाळा लागला, आणि चिंचवडच्या माझ्या बहिणीला ते अजून समजलेलं नाही. तिला एकदा फोनवर म्हणालो, "पोरगी सध्या कॉन्फरन्समध्ये अडकलीय," तर तिनं सगळ्या नात्यात सांगितलं की भाची परिसंवादांना जाते. तेव्हापासून दर फोनला विचारते, "मग, वाचला का पेपर?" मी म्हणतो, "वाचला." कोण समजावत बसणार!

मी इकडे बहरीनमध्ये, अस्करजवळच्या कारखान्यात आहे, चोवीस वर्षं झाली. ॲल्युमिनियम तयार करायच्या मोठाल्या भट्ट्या असतात, त्यांना आम्ही पॉट म्हणतो. पॉटची रांगच्या रांग असते आणि ती कधीच बंद होत नाही. माणसं बदलतात, शिफ्ट बदलते, पॉट चालूच. म्हणून आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं, तर हँडओव्हर. जाणारा माणूस येणाऱ्याला रांगेतून फिरवतो आणि सांगतो, अमुक नंबर तापलाय, तमुक नंबर सकाळपासून रुसलाय, ह्याच्यावर लक्ष ठेव. जास्त बोलायचं नाही. नंबर, काय झालंय, काय बघायचं, बस.

मग येणारा म्हणतो, ओके. कुणी अरबीत खलास म्हणतं. मी चिंचवडच्या फाउंड्रीत शिकलो, तिथले माझे उस्ताद "घेतलं" हा शब्द कानावर पडल्याशिवाय गेट सोडत नसत. ती सवय मला लागली ती लागलीच. माझ्या शिफ्टमधले केरळचे आणि नेपाळचे लोकसुद्धा आता मला "घेतलं" म्हणतात. उस्तादांचा आणखी एक नियम होता. एकदा घेतलं म्हटलं की जाणाऱ्याला थांबवायचं नाही. तो विचारतो, "जाऊ?" आणि आपण मान हलवायची. दमलेला असतो बिचारा.

मुलगी लहान होती तेव्हा बायको सकाळी एका बालवाडीत शिकवायला जायची आणि मी रात्रपाळी करून घरी यायचो. दारातच आमचा हँडओव्हर व्हायचा. "दूध प्यायलीय. नाक वाहतंय. डाव्या कानाला हात लावू नका." मी म्हणायचो, "घेतलं." ही कमरेएवढी कार्टी मध्ये उभी राहून ऐकायची. पुढे ती तिच्या बाहुलीचा हँडओव्हर मला द्यायला लागली. "बाबा, हिला ताप आहे. औषध थुंकते. लक्ष ठेव." मी घेतलं म्हटलं की विचारायची, "मग मी जाऊ?" आणि धूम ठोकायची खेळायला. बाहुली माझ्या मांडीवर, आणि मी झोपेनं पेंगतोय.

इंग्रजी शाळेत गेली आणि मराठी कानापुरतं उरलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. इथल्या सगळ्याच घरांत हे असं आहे, त्याचं मी कधी फार वाटून घेतलं नाही. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर ती बास्केटबॉल खेळायची. सीफच्या मॉलमधून बूट घ्यायचे आणि ते सहा महिन्यांत फाडायचे. मी कुरकुर करायचो. खेळतेय तर खेळू दे, एवढंच.

मग ती शिकायला अमेरिकेत गेली आणि पहिल्याच सुट्टीत घरी येऊन जेवताना म्हणाली, आय मेड द टीम. रोज तीन-चार तास सराव, गावोगावी बसनं प्रवास. चेहरा असा फुललेला. आणि मी, त्या दिवशी डबल शिफ्ट करून आलेला शहाणा, काय बोललो? "तिथं बॉल आपटायला पाठवलंय का तुला?" इथंही थांबलो नाही. म्हणालो, "पाच फूट तीन इंच उंची तुझी. त्या घोडमुली बघ. बेंचवर बसशील जन्मभर."

ती पानावरून उठली नाही. सगळं जेवली, ताट उचलून ठेवलं, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझ्याशी बोलली नाही. म्हणजे तसं भांडण नाही. फोन तिच्या आईकडे यायचा, मी शेजारी बसलेला असायचो. काही विचारलं तर "फाइन". मेसेज केला तर वर केलेला अंगठा. त्या पिवळ्या अंगठ्याचा मला इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बायको टीव्हीवर हिरव्यांचा सामना लावून बसली होती. मी उगाच मागे उभा राहिलो. बास्केटबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण चोवीस वर्षं रांगेत फिरून एक गोष्ट येते. कुठं काय बिनसलंय ते दिसतं. समोरच्या टीममधली एक उंच मुलगी डावीकडे वळायचं टाळत होती. दर वेळी उजवीकडेच. मी फोन उचलला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता मुलीला व्हॉइस नोट पाठवली. "एकतीस नंबर. डावीकडे जात नाही. घोट्याला काहीतरी आहे. लक्ष ठेव."

अंगठा येईल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग चुकवून, पण एकच मराठी शब्द. घेतलं.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं मी. मग ठरूनच गेलं. दर सामन्याआधी समोरच्या टीमचे जुने सामने बघायचे आणि तिला हँडओव्हर द्यायचा, आणि तिनं घेतलं म्हणायचं. बाप-लेकीमध्ये तेवढंच बोलणं उरलं होतं आणि ते सुटलं तर हाताशी काहीच नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी एकही टीम चुकवली नाही. डोळे मिटायला लागले तरी नाही.

आता हा दुसरा हिवाळा. आणि तुम्हाला खरं सांगतो, माणूस किती दमतो! येणंजाणं धरून अकरा-बारा तास कारखान्यात जातात, घरी येऊन आंघोळ, भाकरीचे दोन घास, आणि मग परक्या देशातल्या परक्या पोरी धावताना बघायच्या. सत्तावन्नाव्या वर्षी. पाठ अशी दुखते की सोफ्यावर बसलो की उठायला सोफ्याची परवानगी घ्यावी लागते.

माझ्या जोडीला एक भाई आहे. रत्नागिरीकडचा, खेडच्या पलीकडचा, आमच्याच कारखान्यात क्रेन चालवतो. बाब अल बहरीनच्या मागे एका गल्लीत राहतो. सकाळी मी त्याला गाडीत घेतो आणि अस्करपर्यंत आम्ही समोरच्या टीमची चिरफाड करतो. जन्मात त्यानं बास्केटबॉलला हात लावलेला नाही. तरुणपणी कबड्डी खेळायचा, म्हणून सगळं त्याला कबड्डीतच दिसतं.

"भाऊ, त्या तीन नंबरला काल बघितलंस? सरळ चढाईच केलान. कोण धरायलाच नाय!"

"अरे, ती डावरी आहे. डावीकडून घुसते दर वेळी."

"मंग पोरीला सांग, कोपऱ्यात कोंड तिला. तिथं पाय टाकायला जागा मफी, नायच."

जांभळ्यांचा त्या आठवड्यात आम्ही पार कीस काढला. गटात त्यांचा नंबर वरचा. मी त्यांचे मागचे तीन सामने बघितले, एक तर दोनदा. तीन नंबर डावरी आणि चपळ. बावीस नंबर म्हणजे ताडाचं झाड, पण शेवटच्या पाच मिनिटांत धापा टाकते. अकरा नंबर आणि तेवीस नंबर एकमेकींना बॉल देत नाहीत, काहीतरी भांडण असणार. भाई म्हणाला, एका घरातल्या दोन जावांसारखं दिसतंय. मुलीच्या कॉलेजच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, तिथं तिकडचे सात-आठ म्हातारे याच विषयावर कडाकडा भांडत होते. त्यांच्या मते बावीस नंबरला आवरलं की सामना खिशात. माझ्या मते साफ चूक. खरी मेख तीन नंबर.

पण माझी पोरगी कोर्टवर दिसतच नव्हती. गेल्या हिवाळ्यात निदान शेवटची दोन-चार मिनिटं तिला घ्यायचे. लहानखुरी, पण समोरच्याला सोडायची नाही, चिकटून राहायची. या हिवाळ्यात एकदाही नाही. तिथं एकच कॅमेरा असतो, बेंचच्या वर कुठंतरी बसवलेला, त्यामुळे कोर्ट दिसतं आणि बेंच दिसत नाही. मी दर सामन्याला त्या पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत बसायचो, आता हिरवी चौदा आत येईल, आता येईल. वाट बघून बघून मान अवघडायची.

गुरुवारी परतताना मी गाडीत तोंड सोडलं. "तीन नंबरला धरायला एवढुशी, चिवट पोरगीच लागते. उंच मुलीचं काम नाही ते. त्या कोचला डोळे आहेत की भोकं?"

भाई म्हणाला, "माझ्याजवळ काय बोलतंस? त्या पानावर लिव की. तुझी पोर हाय."

"माझी पोर आहे ते कशाला सांगू?"

"नको सांगू. चाहता म्हणून लिव. यल्ला, चल!"

घरी आलो आणि बूटसुद्धा न काढता लिहिलं. माझ्या कारखान्याच्या इंग्रजीत. कोचला चौदा नंबरची ॲलर्जी आहे का, वगैरे. लिहून झाल्यावर फार बरं वाटलं. बायकोला सांगितलं नाही.

शुक्रवारी सुट्टी. बायको स्वयंपाकघरात सुरमई तळत होती आणि मी जांभळ्यांचा हँडओव्हर द्यायला बसलो होतो. शुक्रवारी दुपारी मी तो पाठवायचो, तिच्याकडे सकाळ झालेली असते. कागदावर नंबर लिहून घेतले होते. पाठवण्याआधी सहज म्हणून चाहत्यांचं पान उघडलं. माझ्या लिहिण्याखाली एका म्हाताऱ्याचं उत्तर होतं. मी भांडायच्या तयारीत चष्मा लावला.

त्यानं लिहिलं होतं की चौदा नंबरच्या मुलीचा गुडघा ऑक्टोबरमध्येच सरावात गेला. लिगामेंट फाटलं. सीझन सुरू व्हायच्या आधीच ती टीममधून बाहेर पडली. फार मेहनती मुलगी होती, आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं. आणि खाली एक ओळ. आपण तिचे कुणी आहात का?

मी ते तीनदा वाचलं. मग कागद बघितला. तीन, बावीस, अकरा, तेवीस. ऑक्टोबरपासून मी किती टीमा पाठवल्या होत्या तिला, आणि प्रत्येकीला तिनं घेतलं म्हटलं होतं. जी खेळणारच नव्हती, तिला मी सांगत होतो कुणाला कोपऱ्यात कोंड. स्वयंपाकघरातून तळण्याचा आवाज येत होता.

"अगं," मी हाक मारली. "पोरीच्या गुडघ्याला काय झालंय?"

आवाज थांबला. तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता समोर बसली. तेव्हाच मला कळलं की हिला सगळं माहीत आहे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. दवाखान्यातूनच फोन केला होता तिनं."

"आणि मी कोण? मी काय मेलो होतो?" असा ओरडलो की शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही कुणीतरी बारीक केला. "ती कुबड्या घेऊन फिरत असेल तिथं एकटी, आणि मला कुणी सांगत नाही? मी इथं खुळ्यासारखा नंबर लिहीत बसतो!"

"ओरडा," ती म्हणाली. "ओरडून घ्या एकदाचं." आणि मी गप्प झाल्यावर म्हणाली, "तिनंच शपथ घातली होती, बाबांना सांगू नकोस म्हणून."

"का?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, बेंचवर बसशील. तिला वाटलं, तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगितलं होतं. आता तर बेंचसुद्धा नाही." तिचा आवाज चिरकला. "आणि म्हणाली, खेळत नाही हे कळलं तर बाबा टीमा सांगायचे बंद होतील. मग ते काय बोलतील माझ्याशी?"

सुरमई गार झाली. बायकोनं एकदाच विचारलं, "पाठवणार ना आजचं? ती वाट बघत असेल."

लाज वाटत होती. राग कधीच उतरला होता, नुसती लाज, आणि इतका थकवा की बोट उचलवेना. चोवीस वर्षांत माझ्या शिफ्टमध्ये हँडओव्हर चुकला नाही अशी माझी मिजास. कोण कुठली एकतीस नंबर डावीकडे वळत नाही हे मला आठ हजार मैलांवरून दिसलं, आणि माझ्या घरातली चौदा नंबर चार महिने लंगडत होती ते दिसलं नाही. मीच तिला असं काही बोलून ठेवलं होतं की दुखतंय हे सांगायचीही सोय राहिली नव्हती.

फोन घेतला. जांभळ्यांचा कागद उलटा करून ठेवला. गळा खाकरला, एकदा बोललो ते पुसलं, दुसऱ्यांदा बोललो तेही पुसलं. मग जसं येतं तसंच बोललो.

"नंबर नाही. बाबा. तोंड फार तापतं. दोन वर्षांपूर्वी जेवताना बेंचवर बसशील म्हणाला. चुकला तो. फार चुकला. तेव्हापासून त्यालाही बरं वाटत नाहीये. लक्ष ठेव."

पाठवलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. बायको दाराशी उभी होती, आत आली नाही, गेलीही नाही. नोट ऐकल्याची खूण आली, ती तिनंच बघून मला सांगितली. मग काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी म्हटलं, संपलं, आता अंगठासुद्धा यायचा नाही.

फोन वाजला. आईच्या नाही, माझ्या फोनवर. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"घेतलं," ती म्हणाली.

मग तिनं सुरू केलं, मराठीत, अडखळत, एकेक शब्द शोधून आणत.

"चौदा नंबर. उजवा गुडघा. ऑक्टोबरपासून. जिना चढताना दुखतो. रोज व्यायाम करते, पण... पण तो नीट होत नाहीये, बाबा. मॅचच्या दिवशी मी हॉलमध्ये जात नाही. खोलीत बसते आणि तुझी नोट ऐकते." थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. "लक्ष ठेव."

"घेतलं," मी म्हटलं. कसंबसं. बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मला तेव्हा कळलासुद्धा नाही.

तिला बहुतेक वाटलं, झालं, हँडओव्हर संपला. बाहुली मांडीवर देऊन विचारायची तशी तिनं विचारलं, "मग मी जाऊ?"

माझे उस्ताद असते तर म्हणाले असते, मान हलव, दमलेल्याला थांबवू नकोस. दमली होतीच ती. मीही दमलो होतो.

"नको जाऊस," मी म्हटलं. "थांब जरा. बोल अजून."

ती थांबली.